बंद दार आणि वाहती हवा

सांथीच्या रोग्यास इतरांपासून वेगळें ठेवावें, ही रीत फार जुनी. गांवाबाहेरची झोपडी, बंदरावरील क्वारंटाइन आणि इस्पितळांतील स्वतंत्र खोली हीं तिचींच रूपें होत. रोगी भिंतीआड गेला कीं रोगहि भिंतीआड गेला, असा या रीतीमागचा विश्वास. परंतु भिंत माणसाला अडविते. हवेला ती अडवीलच असें नाहीं. हा साधा भेद मान्य करावयास वैद्यकास फार काळ लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्ल फ्लुगे या जर्मन शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, बोलतांना व खोकतांना तोंडांतून उडणाऱ्या तुषारांत जंतु असतात. हे तुषार हाताच्या अंतरावरच खालीं बसतात, असा समज पुढें दृढ झाला. १९१० सालीं अमेरिकेंतील प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्याधिकारी चार्ल्स चेपिन यांनीं ग्रंथ लिहून प्रतिपादिलें कीं, रोग पसरतो तो मुख्यतः प्रत्यक्ष संपर्कानें. हवेचें भय बाळगण्याचें फारसें कारण नाहीं. या मताचा लाभहि झाला. हात धुण्याची शिस्त आणि भांड्याकपड्यांची दक्षता इस्पितळांत रुजली. मात्र हवेकडे पाहण्याचें राहून गेलें.

१९३४ सालीं विल्यम वेल्स यांनीं वेगळा विचार मांडला. मोठा थेंब खालीं पडतो हें खरें; पण अत्यंत बारीक थेंब जमिनीस पोंचण्यापूर्वींच वाळतो, आणि मागें उरलेला सूक्ष्म कण हवेंत बराच काळ तरंगत राहतो. विद्वानांची खात्री यानें झाली नाहीं. तेव्हां वेल्स, रिचर्ड रायली व त्यांचे सहकारी यांनीं १९५६ पासून बाल्टिमोर येथें एक प्रयोग केला. सहा खाटांच्या क्षयरुग्णकक्षांतील हवा नळांवाटे माळ्यावरील पिंजऱ्यांत नेली. तेथें सरासरी १५६ गिनीपिग असत. दोन वर्षांत त्यांतील ७१ प्राण्यांस क्षयाची लागण झाली. रोगी व प्राणी यांची गांठ कधींच पडली नव्हती. दोहोंमधला दुवा होता तो केवळ हवेचा. ज्या प्राण्यांना अतिनील किरणांनीं शुद्ध केलेली हवा मिळत होती, त्यांतला एकहि आजारी पडला नाहीं.

प्रयोगशाळेंतील हें सत्य जगापुढें आलें तें १९७० च्या जानेवारींत, जर्मनींतील मेशेडे या गांवीं. पाकिस्तानांतून परतलेला एक तरुण तापानें इस्पितळांत दाखल झाला. विषमज्वराचा संशय आल्यानें त्यास तळमजल्यावर स्वतंत्र खोलींत ठेविलें. विषमज्वर हा अन्नपाण्यांतून पसरणारा; म्हणून खबरदारी घेतली गेली ती त्या बेताची. रोगी खोलीबाहेर पडला नाहीं. पुढें निदान झालें तें देवीचें! त्यानंतर वरच्या मजल्यांवरील रुग्णांसहि देवी आल्या. त्याच्या खोलींत ज्यांनीं पाऊल टाकलें नव्हतें अशांना त्या आल्या; इस्पितळांत थोडाच वेळ आलेला एक पाहुणाहि सुटला नाहीं. एकूण २० जण आजारी पडले व ४ दगावले.

शोधकांनीं त्या खोलींत धूर सोडून पाहिला. धूर दारांतून पडवींत व जिन्यावाटे वर गेला. अर्धवट उघड्या खिडकींतून बाहेर पडून भिंतीच्या कडेनें वरच्या खोल्यांतहि शिरला. थंडीचे दिवस असल्यानें इमारत तापविलेली होती. उबदार हवा वर चढते, हा शाळकरी मुलांना ठाऊक असलेला नियमच तेथें घातक ठरला.

यांतून जो उपाय रूढ झाला तो तत्त्वतः सोपा आहे. खोलींतील हवा यंत्रानें सतत ओढून सुरक्षित जागीं बाहेर सोडावयाची किंवा गाळावयाची. त्यामुळें आंतील दाब पडवीपेक्षां किंचित् कमी राहतो. फटींतून हवा आंत येते, बाहेर जात नाहीं. अमेरिकेंतील नियमांप्रमाणें नव्या खोलींत हवा तासाला १२ वेळां बदलली पाहिजे. दार मात्र लावलेलेंच हवें, आणि दाराच्या फटीशीं धुराची रेघ धरून ती आंत ओढली जाते कीं नाहीं, हें पुनःपुन्हां पाहिलें पाहिजे.

यंत्र नाहीं तेथें काय करावें? पेरू देशांतील लिमा येथें झालेल्या व २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आढळलें कीं, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या जुन्या कक्षांत, खिडक्या उघड्या असतां, यंत्रानें वायुवीजन होणाऱ्या खोल्यांहूनहि हवा अधिक खेळते. जुन्या बांधणीचें हें मोल विसरतां कामा नये. तथापि खिडकींतून निघालेली हवा कोठें जाते, हा मेशेडेचा प्रश्न तेथेंहि विचारावाच लागतो.

देवीचा रोग जगांतून नाहींसा झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें. क्षय आणि गोवर मात्र आहेत. २०२० सालीं कोविडची सांथ आली, तेव्हां हवेंतून होणाऱ्या प्रसाराविषयीं जुनाच वाद पुन्हां उभा राहिला, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत मौल्यवान काळ गेला. अशा खोलींत रोग्याची सेवा करणाऱ्या परिचारिकेचें आणि शेजारच्या खाटेवरील निरपराध रुग्णाचें जीवित एकाच गोष्टीवर अवलंबून असतें: दार लावल्यावर आंतली हवा कोणत्या दिशेनें जाते, हें कोणी तरी पाहिलें आहे काय?