‘फोटो’ हा शब्द आणि अस्थिगत कर्करोग

सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंबसारख्या गावी क्ष-किरणचित्रास ‘फोटो’ म्हणण्याचा प्रघात आहे. पुढे हाडांचा स्कॅन झाला तरी ‘फोटो काढला’ असेच सांगितले जाते. स्तनाचा कर्करोग हाडांत पसरला आहे किंवा कसे, हे ठरविणाऱ्या साधनांचा इतिहास पाहिला म्हणजे हा एकच शब्द किती भिन्न गोष्टींवर पांघरूण घालतो, हे ध्यानात येते.

ह्या रोगाची हाडांकडील ओढ प्रथम शवविच्छेदनाच्या नोंदींतून दिसली. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली अशा ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासून बीज आणि भूमी ही उपमा योजिली. बीज सर्वत्र पडते. रुजते मात्र अनुकूल भूमीतच.

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाचे हाड दिसू लागले. परंतु हाडातील खनिजाचा सुमारे ३० ते ५० टक्के ऱ्हास झाल्यावाचून तेथील विकृती क्ष-किरणचित्रात सहसा उमटत नाही. म्हणजे हे चित्र रोगाचे नव्हे, रोगाने केलेल्या हानीचे होय.

१९६१ साली स्ट्रॉन्शियम-८५ आणि १९६२ साली फ्लोरिन-१८ ही किरणोत्सर्गी द्रव्ये हाडांच्या तपासणीसाठी पुढे आली. पहिल्याचे अर्धायुष्य सुमारे ६५ दिवस, म्हणून मात्रा अल्पच द्यावी लागे. दुसऱ्याचे ११० मिनिटे, म्हणून ते दूर नेणे कठीण. १९७१ साली सुब्रमण्यम आणि मॅकॅफी यांनी टेक्नेशियम-९९एम फॉस्फेट संयुगास जोडले. सहा तासांच्या अर्धायुष्यामुळे ही अडचण दूर झाली व सर्व सांगाडा एकाच बैठकीत पाहता येऊ लागला. हे द्रव्य जेथे नवे हाड बनत असते तेथे अधिक साठते. अर्थात येथे दिसते ती हानी नसून शरीराने चालविलेली डागडुजी होय. म्हणूनच जुना अस्थिभंग किंवा संधिवातही स्कॅनवर उमटतो, आणि निव्वळ हाड पोखरणारी गाठ कधी कधी निसटते.

आपल्याकडे परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची स्थापना १९४१ सालची. त्याच परळमध्ये १९६३ साली अणुऊर्जा विभागाने किरणोत्सर्ग वैद्यक केंद्र उभारले, आणि अणुवैद्यकास मुंबईत घर मिळाले. त्यानंतर आलेल्या साधनांपैकी एम.आर.आय. अस्थिमज्जेतील बदल दाखविते, तर पेट स्कॅन पेशींनी शोषिलेली शर्करा दाखवितो.

सारांश, हे साधनांचे उत्तरोत्तर स्पष्ट होत जाणारे एकच चित्र नव्हे; प्रत्येक साधन निराळ्या प्रश्नाचे उत्तर देते. ‘फोटो’ ह्या शब्दात मात्र जे आहे ते दिसलेच पाहिजे, असा अर्थ गृहीत धरलेला असतो. उपचार घेतलेल्या स्त्रीची पाठ दुखू लागली आणि ‘फोटो चांगला आला’ एवढ्यावर घरचे निश्चिंत झाले, तर मणका खचेपर्यंत काळ निघून जाऊ शकतो. उलट, स्कॅनवरील एखाद्या डागाने कुटुंब विनाकारण हताशही होते.

सोलापूर जिल्ह्यातीलच बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रोगाची अशी नोंद जेथे ठेविली जाते, तेथे रोगाविषयीच्या बोलीचीही नोंद व्हावयास हवी. ‘फोटोत काय दिसते’ यापेक्षा ‘हा फोटो कशाचा’ हा प्रश्न बोलीत रुजणे अगत्याचे आहे.