प्लँचेटची वाटी आणि नोव्हेंबरची मेणबत्ती



नोव्हेंबर महिना आपल्या मृतांचा. २ तारखेला सर्व मृतात्म्यांचा स्मरणदिन येतो. आपण कबरस्तानात जातो, कबर झाडून-पुसून घेतो, फुलं वाहतो, मेणबत्ती लावतो. याच दिवसांत बरखेड्याच्या आमच्या दृढीकरणाच्या वर्गातली मुलं हमखास एक प्रश्न विचारतात: "टीचर, प्लँचेट खरं असतं का?" कुणी मोबाईलवर पाहिलेलं असतं, कुणाच्या दादाने होस्टेलवर करून पाहिलेलं असतं. "पाप आहे, करू नका" एवढं सांगून वर्ग पुढे नेता येतो. पण मुलं गप्प बसली म्हणजे त्यांचं समाधान झालं असं नाही. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता, म्हणून हे उत्तर इतिहासातून शोधावं असं मला वाटतं.

आपल्याकडे प्लँचेट म्हटलं की पाटावर किंवा कागदावर लिहिलेली अक्षरं, मध्ये उपडी वाटी किंवा नाणं, त्यावर तिघाचौघांची बोटं आणि अंधारात एक मेणबत्ती, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. हे सगळं फार प्राचीन असेल असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात या खेळाला दोनशे वर्षंही झालेली नाहीत.

३१ मार्च १८४८ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सविल या खेड्यात मॅगी आणि केट फॉक्स या दोन लहान बहिणींनी सांगितलं, की घरातला आत्मा टकटक करून आपल्या प्रश्नांना उत्तरं देतो. बातमी वाऱ्यासारखी पसरली. लोक टेबलाभोवती बसू लागले. एकाने मुळाक्षरं म्हणत जायची आणि ज्या अक्षरावर टकटक होईल ते लिहून घ्यायचं, असा प्रकार होता. एक वाक्य मिळायला अर्धी रात्र जायची! मग १८५० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये दोन चाकं आणि एक पेन्सिल लावलेली छोटी फळी आली. 'प्लँचेट' या फ्रेंच शब्दाचा अर्थच छोटी फळी. पुढे पेन्सिल गेली आणि अक्षरं छापलेला बोर्ड आला. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या एका कंपनीने तो 'उइजा बोर्ड' या नावाने बाजारात आणला आणि १० फेब्रुवारी १८९१ रोजी इलायजा बाँड यांच्या नावे त्याचं पेटंट मंजूर झालं. त्या पेटंटवर शीर्षक काय आहे? 'खेळणं किंवा खेळ'. १९६६ साली तो बोर्ड पत्त्यांचे आणि सोंगट्यांचे खेळ विकणाऱ्या पार्कर ब्रदर्स कंपनीने विकत घेतला. म्हणजे ज्याला आपण परलोकाचं दार समजतो, ते त्याच्या मालकांच्या हिशेबात दुकानातल्या फळीवरचं एक खेळणं होतं.

फॉक्स बहिणींचं पुढे काय झालं, हेही मुलांना सांगायला हवं. २१ ऑक्टोबर १८८८ रोजी न्यूयॉर्कच्या भरलेल्या सभागृहात मॅगीने पायातले बूट काढले आणि अंगठ्याचा सांधा कसा वाजवत होतो ते सर्वांना ऐकवलं. वर्षभराने तिने आपला कबुलीजबाब मागे घेतला, पण तोवर तिच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. दोघी बहिणी दारू आणि दारिद्र्य यांत संपल्या. त्यांच्याविषयी मला राग येत नाही, कीव येते. पोरवयात सुरू झालेल्या एका खोडीतून त्यांना जन्मभर बाहेर पडता आलं नाही.

"पण टीचर, वाटी खरंच फिरते!" हो, फिरते. प्रत्येक जण शपथेवर सांगतो की मी ढकलली नाही, आणि तो खोटं बोलत नसतो. १८५३ साली लंडनमध्ये टेबलं फिरवण्याचं वेड लागलं होतं. तेव्हा मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने, जो स्वतः अत्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती होता, एक साधा प्रयोग केला. टेबल आणि हात यांच्यामध्ये त्याने सरकणाऱ्या पट्ट्या ठेवल्या आणि त्यांना एक काटा जोडला. आधी टेबल हललं तर काटा एकीकडे झुकेल, आधी हात हलले तर दुसरीकडे. दिसलं असं, की आधी हात हलत होते. तो काटा बसलेल्या माणसांना दिसू लागताच टेबल फिरायचं थांबलं! मनात एखादी गोष्ट तीव्रतेने आली, की आपल्या नकळत स्नायू थोडेसे हलतात. चौघांची बोटं एकत्र आली की तेवढं बळ वाटीला पुरतं. म्हणून बसणाऱ्यांचे डोळे बांधले आणि गुपचूप बोर्ड उलटा फिरवला, तर आत्म्याला अक्षरं सापडेनाशी होतात. आजोबांचा आत्मा शुद्धलेखनाच्या नातवाच्याच चुका करतो, त्याचंही कारण हेच.

मग शहाणीसुरती माणसं याच्या मागे का लागली? माझ्या मते या इतिहासाचा गाभा इथे आहे. वाटी वाजते त्याआधी बहुतेक वेळा घरात कुणीतरी गेलेलं असतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले आणि घराघरांत अशा बैठका बसू लागल्या. अध्यक्ष लिंकन यांचा लहानगा विली १८६२ साली गेला, तेव्हा त्याच्या आईने व्हाइट हाउसमध्येही माध्यमांना बोलावलं. सर ऑलिव्हर लॉज हे नामवंत पदार्थवैज्ञानिक. सप्टेंबर १९१५ मध्ये त्यांचा मुलगा रेमंड महायुद्धात मारला गेला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मुलाच्या 'संदेशांचं' पुस्तक छापलं.

आपल्या देशातही तेच दिसतं. १६ फेब्रुवारी १८७९ रोजी मादाम ब्लावाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईत उतरले आणि थिऑसॉफिकल सोसायटीचं बिऱ्हाड गिरगावात थाटलं. अदृश्य गुरूंची पत्रं छतातून पडतात, अशा गोष्टी सुशिक्षितांच्या घरांत चर्चिल्या जाऊ लागल्या. १८८२ अखेरीस ते मद्रासजवळ अड्यारला गेले. १८८४ साली 'मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन'ने त्यांच्याच घरात काम केलेल्या बाईंकडची पत्रं छापून त्या चमत्कारांवर बोट ठेवलं, आणि मोठा वाद झाला. पुढे मुंबईत वि. द. ऋषी या मराठी गृहस्थांनी, पत्नी गेल्यानंतर, मृतांशी संवादाचा ध्यास घेतला आणि इंडियन स्पिरिच्युअलिस्ट सोसायटी उभी केली. तिकडे बंगालमध्ये १९२९ साली रवींद्रनाथ टागोर उमादेवी नावाच्या तरुणीला माध्यम करून प्रश्न विचारत बसले. हसू नका. या माणसाची पत्नी १९०२ मध्ये गेली, मुलगी रेणुका १९०३ मध्ये, धाकटा मुलगा शमी १९०७ मध्ये, थोरली मुलगी १९१८ मध्ये. ज्याने चार वेळा असा निरोप घेतला, तो एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसला तर त्याला आपण काय बोलावं?

आपण भोपाळची माणसं आहोत. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधली रात्र या शहराने पाहिली आहे. त्या रात्री हजारो माणसं कुणाचाही निरोप न घेता गेली. कोविडमध्ये आपल्यातल्या कितीतरी घरांनी आपलं माणूस काचेआडून किंवा फोनवर शेवटचं पाहिलं. "तिला काही सांगायचं होतं का?" हा प्रश्न ज्याच्या उशाशी रोज येतो, त्याला 'अंधश्रद्धाळू' म्हणून बाजूला सारणं हे ख्रिस्ती वागणं नव्हे.

पवित्र शास्त्र याविषयी स्पष्ट आहे. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात मृतांना प्रश्न विचारण्याची मनाई आहे. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातला अठ्ठाविसावा अध्याय तर घरी सर्वांनी मिळून वाचावा असा आहे. शौल राजाने स्वतःच भूतविद्या करणाऱ्यांना देशातून हाकललं होतं. पण पलिष्टी चालून आले, देव उत्तर देईना, शमुवेल संदेष्टा मरून गेलेला. तेव्हा हाच राजा वेष पालटून रात्री एनदोरच्या बाईकडे गेला. त्याला काय मिळालं? ज्याची भीती होती तेच ऐकून तो जमिनीवर कोसळला. त्या रात्रीत त्याला दिलासा देणारी एकच गोष्ट घडली: त्या बाईने घरातलं पोसलेलं वासरू कापलं, भाकरी भाजली आणि दिवसभर उपाशी असलेल्या माणसाला आग्रहाने जेवू घातलं. हा भाग प्रवचनांत सहसा राहून जातो.

ख्रिस्तसभेनेही वेळोवेळी सावध केलं आहे. २४ एप्रिल १९१७ रोजी, महायुद्ध चालू असतानाच, रोमने सांगितलं की अशा बैठकांना कॅथलिकांनी नुसतं बघायलाही बसू नये. पण त्याआधीचं एक पाऊल मला जास्त बोलकं वाटतं. ऑगस्ट १९१५ मध्ये पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी मृतात्म्यांच्या स्मरणदिनी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करायची परवानगी दिली. रणांगणावर तरुण मुलं मरत होती, घरोघरी आया रडत होत्या. सर ऑलिव्हर लॉज यांचा रेमंड गेला तो पुढच्याच महिन्यात. बंदीच्या दोन वर्षं आधी, रडणाऱ्यांना वेदीजवळ जागा वाढवून मिळाली होती.

कुणी विचारेल, "तुम्ही संतांची मध्यस्थी मागता, मृतांसाठी प्रार्थना करता, मग फरक काय?" फरक मागण्यात आहे. प्लँचेटवर आपण मृताला हजर करतो आणि त्याची उलटतपासणी घेतो: पैसे कुठे ठेवले, लग्न कधी होईल, तू माझ्यावर रागावला होतास का. प्रार्थनेत आपण त्याला देवाच्या हाती सोपवतो. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात यहूदाने युद्धात पडलेल्यांना बोलावून काही विचारलं नाही. त्याने वर्गणी जमवून त्यांच्यासाठी अर्पण पाठवलं. आणि लाजरच्या कबरेपाशी आपला प्रभू आधी रडला. उत्तर न मिळता वाट पाहणं कठीण असतं, हे त्याला ठाऊक आहे.

म्हणून मुलांना मी "वाटीत सैतान बसलाय" अशी भीती घालत नाही. सैतान वाटीपेक्षा आपल्या एकटेपणाचा आणि घाईचा फायदा जास्त घेतो. दुःखी माणूस एकदा वाटीच्या उत्तरावर विसंबला की त्याला कुणीही फिरवू शकतं, पैसे घेणारे बाबा तर नक्कीच. आणि मस्करीत 'तू या वर्षी मरणार' असं उत्तर आलेलं मूल कित्येक रात्री झोपत नाही. आईवडिलांनी अशा मुलाला ओरडू नये. जवळ घ्यावं, वाटी कशी फिरते ते समजावून सांगावं आणि फादरांशी बोलायला न्यावं.

या महिन्यात दोन गोष्टी करू या. आपल्या मृतांची नावं लिहून मिस्सासाठी द्या. घरी रात्रीच्या रोझरीत ती नावं मोठ्याने घ्या, म्हणजे लहान मुलांनाही पणजीचं नाव कळेल. आणि ज्या घरात या वर्षी कुणी गेलं आहे, तिथे एखाद्या संध्याकाळी डबा घेऊन जा. फार बोलायची गरज नाही. गेलेल्या माणसाची आठवण त्यांना सांगू द्या, आणि त्यांच्याबरोबर जेवा.

प्रार्थना: हे प्रभू, आमचे मृत तुझ्या हाती आहेत. त्यांना शांती दे. जे सांगायचं राहून गेलं ते तू ऐकलं आहेस, यावर आमचा विश्वास बळकट कर. आमेन.