लेडीज सायकलचा दांडा कुणासाठी वाकला?

सायकलच्या दुकानात ‘लेडीज’ आणि ‘जेन्ट्स’ अशी विभागणी आजही चालते. तिच्यामागे स्त्रीच्या शरीराचा काही अभ्यास असेल, असे आपण धरून चालतो. इतिहास वेगळेच सांगतो. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ सायकल आणली आणि भल्यामोठ्या पुढच्या चाकाच्या सायकलींचे दिवस भरले. चेन मागच्या चाकाला गेली, सीट खाली आले. पायघोळ झग्यातल्या बाईला अडत होता तो फक्त मधला दांडा. पुढच्या चार-पाच वर्षांत इंग्लंड-अमेरिकेतल्या कारखानदारांनी तो खाली वाकवला, झगा चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी ताणली आणि चेनवर झाकण घातले. तिन्ही बदल झग्यासाठी होते. पायांची लांबी किंवा हातांची पोच यांचा त्यात कुठेच हिशेब नव्हता.

या सोयीची किंमत मोजावी लागली. सरळ दांड्याच्या फ्रेमचा जोर त्रिकोणात असतो. दांडा खाली आला की पुढचा त्रिकोण मोडतो आणि तेवढीच मजबुती आणायची तर नळ्या जाड घ्याव्या लागतात. ॲनी लंडनडेरी १८९४ मध्ये बॉस्टनहून जगप्रवासाला निघाली ती ४२ पौंडांच्या कोलंबिया लेडीज सायकलवर. शिकागोत तिने ती सोडून २१ पौंडांची पुरुषांची स्टर्लिंग घेतली आणि झग्याच्या जागी ब्लूमर ही सैल विजार चढवली. वजनातला सगळा फरक दांड्याचा नव्हता, स्टर्लिंग मुळातच हलकी होती. पण कपडा बदलताच बायकांच्या खास फ्रेमची गरज संपली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मापाचा खरा पेच चाकात होता आणि त्याकडे लक्ष जायला शंभर वर्षे लागली. रेसिंग सायकलचे ७०० सी चाक टायरसकट सुमारे ६८ सेंटिमीटर व्यासाचे असते. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या व्यक्तीसाठी फ्रेम आखूड करत गेले, तर वळताना पुढचे चाक पायाच्या बोटांना लागते. यावर कारखान्यांची पळवाट ठरलेली होती: सीटखालची नळी जास्त उभी करायची. कागदावर वरचा दांडा आखूड भरतो, पण पायडलच्या हिशेबाने सीट मागे सरकवले की हँडल पुन्हा तितकेच लांब. अमेरिकन अभियंता जॉर्जिना टेरीने १९८५ मध्ये या पेचाला सरळ हात घातला. तिच्या लहान मापाच्या सायकलींना मागे ७०० सी, तर पुढे २४ इंची चाक होते. पुढचे चाक लहान झाल्याने फ्रेम खरोखरच आखूड करता आली.

यावर आक्षेप येईल की बायकांचे पाय लांब आणि धड आखूड असते, म्हणजे वेगळी फ्रेम हवीच. हा समज बाजारात बराच काळ चालला. पण दोन बायकांच्या बांध्यात जेवढा फरक सापडतो, त्यापुढे स्त्री-पुरुषांच्या सरासरीतला फरक किरकोळ ठरतो. सायकल बनवणाऱ्या स्पेशलाइज्ड कंपनीनेही स्वतःकडची सायकलस्वारांची मापे तपासून हेच मान्य केले. सरासरीत ठळक फरक आहे तो उंचीचा, आणि ठेंगण्या पुरुषालाही तीच अडचण येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: साडी नेसणाऱ्या बाईला वाकलेला दांडाच सोयीचा. बरोबर आहे. पण ती सोय चढण्या-उतरण्याची आहे, मापाची नव्हे. गुडघे दुखणाऱ्या आजोबांनाही ती तितकीच उपयोगी. शिवाय गरजही एकच नसते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईत साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. त्यांतल्या अनेकींनी जेन्ट्स सायकल पसंत केली, कारण तिच्या आडव्या दांड्यावर मूल बसवता येत होते.

म्हणून सायकल घेताना दांड्याचा प्रश्न आणि मापाचा प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. दांडा कसा हवा, हे कपडा आणि वापर पाहून ठरवावे. फ्रेम उंची आणि हातांची पोच पाहून निवडावी, आणि फ्रेम लहान असेल तर चाकही त्याच मानाने लहान मागावे. ‘लेडीज’ ही पाटी यांपैकी फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि तेही एकोणिसाव्या शतकातल्या झग्याला धरून.