अशक्याचा जिना

डोळ्यांनी पाहिले ते खरे, असे आपण सहज म्हणून जातो. पण एखादी गोष्ट नुसती तशी दिसली म्हणून खरी झाली तर? लंडनमध्ये तयार झालेला आणि २०१४ साली बाहेर आलेला ‘मॉन्युमेंट व्हॅली’ हा खेळ खेळताना मला हाच अनुभव आला. पांढऱ्या उंच टोपीची चिमुकली आयडा मनोऱ्यावर उभी असते आणि पुढची वाट तुटलेली असते. बोटाने मनोऱ्याचा भाग फिरवावा, तो दूरची कड जवळच्या कडेला टेकल्यासारखी दिसते. दिसते एवढेच! पण या राज्यात दिसणे हेच असणे. आयडा खुशाल पलीकडे जाते.

यातील मर्म रेखनपद्धतीत आहे. चित्रकार सहसा दूरची वस्तू लहान काढतो; येथे जवळचे आणि दूरचे एकाच मापाचे. अंतराची खूणच पुसली गेल्यावर डोळ्याने करावे काय?

या युक्तीचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १९३४ साली स्वीडनमधील ऑस्कर रॉयटर्सवार्ड या विद्यार्थ्याने नऊ घन असे रेखाटले, की कागदावर त्रिकोण साधला. सुताराला मात्र तो तसा कधीच घडवता येऊ नये! पुढे १९५४ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या गणित परिषदेस गेलेल्या तरुण रॉजर पेनरोज यांनी डच चित्रकार एशर यांचे प्रदर्शन पाहिले आणि त्या नादात असाच त्रिकोण स्वतंत्रपणे काढला. वडील लायोनेल यांनी कधीच न संपणारा जिना रचला. पितापुत्रांचा लेख १९५८ मध्ये मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. तो एशर यांच्या हाती पडला, आणि १९६० च्या त्यांच्या चित्रात त्या जिन्यावरून संन्यासी अखंड चढू-उतरू लागले. चित्राने गणिताला दिलेले देणे गणिताने असे व्याजासह फेडले!

२००८ च्या ‘इकोक्रोम’ या जपानी खेळातही हीच फसगत वाट बनली होती. रॉजर पेनरोज यांना २०२० मध्ये कृष्णविवरांवरील कार्यासाठी भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्रिकोणही जगात त्यांच्याच नावाने ओळखला जातो. स्वीडनने मात्र १९८२ मध्ये रॉयटर्सवार्डच्या आकृत्या टपाल तिकिटांवर छापल्या.

तेव्हा वाचकहो, घरातले मूल वहीच्या कडेला वेड्यावाकड्या आकृत्या काढताना दिसले, तर रागावण्यापूर्वी ती वही जरा निरखून पाहावी आणि पानावर त्याचे नाव व तारीख तेवढी घालून ठेवावी.