फोर्कचे सील आणि घरगुती औजारे : रचनेचा इतिहास

मे-जूनमध्ये जयपूरला धुळीची वादळे येतात. त्यानंतर मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कची चकचकीत नळी निरखून पाहा. तिच्यावर तेलाचे काळपट कडे दिसले, तर सील गळू लागले आहे असे समजा. हे तेल ओघळून ब्रेक पॅडवर गेले, तर ब्रेक नीट लागत नाही. सील घरीही बदलता येते. पण त्याची औजारे अशीच का, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

जुन्या गर्डर फोर्कची स्प्रिंग उघडी असे. त्यात तेल नसे, म्हणून सीलही नसे. १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूने आर १२ या गाडीला तेलाने दाबनियंत्रण करणारा टेलिस्कोपिक फोर्क दिला. एका नळीत दुसरी नळी सरकू लागली आणि आतले तेल आतच कसे राखायचे, हा प्रश्न उभा राहिला.

उत्तराची तयारी आधीच सुरू होती. चामडे कमावणाऱ्या फ्रॉयडेनबर्ग या जर्मन कंपनीत वाल्टर झिमर यांनी १९२९ मध्ये फिरत्या दांड्यासाठी धातूच्या कड्यात बसवलेले चामड्याचे सील तयार केले. १९३६ पासून चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आले. आजच्या फोर्क सीलमध्येही धातूचे कडे, रबरी ओठ आणि तो नळीवर आवळून धरणारी बारीक स्प्रिंग असते.

आता औजारांकडे वळू. बीएसएच्या जुन्या गाड्यांत सील आट्यांच्या कॉलरमध्ये असे. ती उघडायला खास नळीदार पाना लागे. जपानी रचनेत सील दाबून बसवले गेले, वर सर्क्लिप आली आणि डॅम्पर रॉड तळातल्या ॲलन बोल्टने धरला गेला. १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० भारतात आल्या, तसे हे काम आपल्या गल्लीतल्या गॅरेजातही पोहोचले.

म्हणून घरी तीन औजारे महत्त्वाची : सर्क्लिप काढण्यासाठी टोकदार हत्यार, बोल्टसोबत रॉड फिरू नये म्हणून लांब टी-दांड्याचा धारक, आणि सील सरळ बसवणारा ड्रायव्हर. ड्रायव्हरऐवजी योग्य मापाचा पीव्हीसी पाइप चालतो. त्याची कड सीलच्या बाहेरच्या कड्यावरच टेकली पाहिजे. मध्ये जुने सील ठेवून ठोका. पेचकस आणि हातोडीने ठोकलेत, तर ॲल्युमिनियमच्या बैठकीवर ओरखडा उठतो आणि नवे सीलही गळते. नळीच्या वरच्या टोकावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून तेल लावा, म्हणजे ओठ फाटत नाही. वरचे झाकण मात्र जपून उघडा; आत दाबलेली स्प्रिंग असते.

कधी कधी सील खराब झालेलेच नसते, ओठाखाली फक्त धूळ अडकलेली असते. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची पट्टी ओठाखाली हळुवार फिरवून आधी ती काढून पाहा. औजार विकत घेण्याआधी एकच प्रश्न विचारा : माझ्या फोर्कमध्ये सील कशाने धरले आहे? उत्तर मिळाले, की औजार आपोआप ठरते.