अज्ञानाचा करार: झाशीचा तह आणि आजचा कायदा

झाशीचे अल्पवयीन संस्थानिक रामचंद्रराव नेवाळकर यांच्याशी ईस्ट इंडिया कंपनीने नोव्हेंबर १८१७ मध्ये तह केला. त्यांच्या वतीने कारभारी गोपाळराव भाऊ यांनी तो पार पाडला. रामचंद्रराव, त्यांचे वारस व उत्तराधिकारी यांचा झाशीवरील वंशपरंपरागत हक्क कंपनीने या तहात मान्य केला होता. १८५३ मध्ये गंगाधररावांच्या निधनानंतर राणी लक्ष्मीबाईंनी त्याच तहाचा आधार घेतला. वादाचा मुद्दा तह करणाऱ्याचे वय हा नव्हता. दत्तकपुत्र राज्याचा वारस ठरतो काय, हा होता. १८५४ मध्ये लॉर्ड डलहौसी यांनी संस्थान खालसा केले. बालक दामोदरराव यांचा खासगी मालमत्तेवरील वारसा मान्य झाला, राज्यावरील हक्क मात्र नाकारला गेला.

तह हा दोन सत्तांमधील व्यवहार असल्याने त्याला दिवाणी कायद्याचे निकष लागत नाहीत. खासगी व्यवहारांत स्थिती वेगळी आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ नुसार केवळ सज्ञान व्यक्तीच करार करण्यास सक्षम असते. सज्ञानतेचे वय १८ वर्षे आहे. कलकत्त्याच्या मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यात अज्ञान व्यक्तीने कर्जासाठी मालमत्ता गहाण ठेवली होती. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हा करार मुळातच रद्दबातल ठरवला आणि दिलेली रक्कम परत मिळण्याची सावकाराची मागणीही फेटाळली. सज्ञान झाल्यावर संमती देऊनही असा करार वैध करता येत नाही.

अज्ञानाला लाभ मात्र नाकारलेला नाही. भागीदारी अधिनियम, १९३२ नुसार सर्व भागीदारांच्या संमतीने त्याला भागीदारीचे लाभ घेता येतात. त्याला पुरवलेल्या जीवनावश्यक गोष्टींचा खर्च त्याच्या मालमत्तेतून वसूल होऊ शकतो. तो स्वतः व्यक्तिशः जबाबदार नसतो.

पालकाच्या अधिकारालाही मर्यादा आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ नुसार अज्ञानाची स्वतंत्र स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी किंवा गहाण ठेवण्यापूर्वी नैसर्गिक पालकाने न्यायालयाची परवानगी घेणे बंधनकारक आहे. परवानगीविना झालेली विक्री रद्द करून घेण्यासाठी मुलाला सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल करता येतो. महाराष्ट्रात सातबारा उताऱ्यावर 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अशी नोंद आढळल्यास खरेदीदाराने न्यायालयाचा आदेश पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. अन्यथा मोबदला देऊनही जमीन हातची जाण्याचा धोका राहतो.