सनातन्यांचा वकील

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें जळगांव जामोद हें गांव मराठी वाङ्मयाच्या नकाशावर सहसा कोणी शोधीत नाहीं. परंतु विनोदाचे आद्य आचार्य श्रीपाद कृष्ण कोल्हटकर येथें वकिली करीत असत. अकोला, खामगांव, जळगांव अशा वऱ्हाडी गांवांतच त्यांचा व्यवसाय चालला, आणि पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांना हंसविणारी लेखणीहि.

रूढींवर तत्पूर्वीं आघात झाले नव्हते असें नाहीं. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ सालची. आगरकरांचा 'सुधारक' १८८८ सालचा. ते घाव समोरून घातलेले होते, आणि उत्तरहि समोरूनच आलें. आगरकरांना तर हयातींतच स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली! १८९५ सालीं ते वारले. रूढी मात्र सुखरूप राहिल्या.

१९०२ सालीं 'विविधज्ञानविस्तारां'त कोल्हटकरांचा 'साक्षीदार' हा पहिला विनोदी लेख आला. पुढें श्रावणी, गणेशचतुर्थी, शिमगा असे घरोघरचे विषय त्यांनीं घेतले. त्यांचा सुदामा आणि त्याचे स्नेही बंडूनाना व पांडुतात्या हे वरवर पाहतां रूढींचे कैवारी. आचाराच्या समर्थनार्थ जें कारण सांगितलें जातें, तें खरें मानावयाचें आणि त्यांतून जें जें निष्पन्न होईल तें गंभीर मुद्रेनें पत्करावयाचें, ही यांची रीत. वकिलानें पक्षकाराची बाजू इतक्या उत्साहानें मांडावी कीं, विरुद्ध पक्षाला बोलावयास उठावेंच लागूं नये, तसा हा प्रकार! स्विफ्टनें १७२९ सालीं आयर्लंडांतील दरिद्री मुलांविषयीं केलेली भयंकर सूचना याच जातीची. तिच्यांत संताप अधिक. सुदाम्याच्या पोह्यांत मिरची अधिक.

१९१० सालीं यांतील अठरा लेखांचें पुस्तक झालें, तें 'अठरा धान्यांचें कडबोळें' या उपनांवानें. पुढें लेखांची संख्या बत्तिसांवर गेली.

मात्र या विनोदाला एक मर्यादा होती. तो पांढरपेशा घरांत जन्मला आणि बहुतांशीं तेथेंच राहिला. फुल्यांचा वाचक त्याच्या कक्षेंत फारसा आला नाहीं. शिवाय बंडूनानाला हंसणें सोपें असतें. आपल्याच माजघरांत बसलेला बंडूनाना ओळखणें तितकें सोपें नसतें, आणि ओळखला तरी वडीलधाऱ्या माणसाला कोण बोलणार? कोल्हटकरांना ही अडचण जाणवली असावी. कारण पुनर्विवाहाचा प्रश्न त्यांनीं 'मतिविकार' नाटकांत गंभीरपणेंहि हाताळला.

त्यांचे शिष्य गडकरी यांनीं 'बाळकराम' होऊन हाच वारसा पुढें चालविला. तेथें हास्याचा गडगडाट वाढला; गुरूच्या उलटतपासणींतील सूक्ष्म धार मात्र थोडी बोथटली.